साडेसव्वीस सेंटिमीटर

निघण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडली,
धूळ फुंकली,
आणि मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत
सुतळी ताणून कापली.
साडेसव्वीस सेंटिमीटर.
आकडा मी विसरले असते, सुतळी विसरत नाही.

पोर्वेनिर ते पुंता अरेनास,
मध्ये सामुद्रधुनी. बोटीला अडीच तास,
तेही वाऱ्याची मर्जी असेल तर.
चुकीचं आणलं तर बदलायला
पुन्हा बोट, पुन्हा रजा,
पुन्हा मुकादम मार्दोनेसचं आंबलेलं तोंड.
म्हणून एकदाच जायचं.

करमुक्त बाजारात, तिसऱ्या गाळ्यात
भिंतभर खोकी.
किंमत जसजशी वर चढते
तसतसा खोक्यावरचा राक्षस जास्त चिडलेला.
सगळ्यात वरचं तीन पंख्यांचं,
आमच्या फ्रीजहून महाग.
सुतळी धरली; चार बोटं बाहेर राहिलं.
घरचा पाचशे वॅटचा पॉवर सप्लाय
त्याला बघूनच विझला असता.
सगळ्यात खालचं
माझ्या जुन्याचंच चुलत भावंड,
फक्त नवा सदरा घातलेलं.

"मॉनिटर कुठला?" काउंटरवरचा बास्तियान विचारतो.
"दहाऐंशीचा. थोरलीनं टाकलेला."
"मग मधलं बघा," तो म्हणाला,
आणि मला उगाच हसू आलं.
आम्ही तिघी. नेदाला नवं मिळायचं, पहिली म्हणून,
आंतोनेलाला रडली म्हणून.
मधलीला विचारायचे, चालेल ना तुला?
चालायचं.

त्यानं गल्ल्याखालून एक हळूच काढलं:
वापरलेलं, सोळा जीबी, अर्ध्या किमतीत.
कुठे होतं हे?
"उत्तरेत. गोदामात. नाणी खणत होतं."
मी नाकाशी धरलं.
खेकड्यांच्या कारखान्यात नऊ हंगाम काढलेल्या बाईला
रात्रपाळीचा वास कळतो.
पंखा बोटानं फिरवला. खरखरला.
बिचारं, म्हटलं, आणि परत दिलं.

उरली दोन. आठ जीबी, बारा जीबी.
दोन्ही सुतळीत बसत होती.
मधे चाळीस हजार पेसो,
म्हणजे दोन दिवसांचे खेकडे,
उकळत्या पाण्यातून काढून, फोडून, सोलून.
आठवाल्याचा वेग आज पुरतो.
बारावाल्याला आठवण जास्त.
मी तासभर उभी राहिले.
बास्तियाननं जेवून घेतलं.
"आठ," मी म्हटलं. त्यानं बिल फाडलं.
"थांब," म्हटलं. "बारा."
पुढचं कार्ड घ्यायला मी कधी येणार आहे!

संध्याकाळी वारा उठला, बंदर बंद.
बाकावर माझ्याशेजारी एक ट्रकवाला,
मेंढ्यांच्या लोकरीत माखलेला.
खोक्याकडे बघून म्हणाला, "मिक्सर का?"
"डोंगर," मी म्हटलं.
त्यानं मान हलवली, जसा काही
दर बुधवारी कोणीतरी डोंगर नेतंच.
मग थर्मासमधलं माते पुढे केलं.

तीन वर्षं त्या खेळात
किल्ल्यामागे एक करडा डाग होता.
मी त्याला ढग समजत होते.
परवा रात्री, पहिल्यांदा,
डागाला कडा आल्या, कडांना दगड,
दगडांत गवत, आणि ते गवत
एकाच दिशेला वाकलेलं,
आमच्याकडे असतं तसं.
शत्रू येऊन मला मारून गेला.
मी बघतच राहिले.

एकच खोट निघाली:
कार्ड जड आहे, एका बाजूनं झुकतं.
आधाराची पट्टी गाळ्यात होती, नऊ हजारांना.
मी नव्हती घेतली.
सुतळी होती की खिशात.
मोकळं टोक वर, पिंजऱ्याच्या सळीला बांधलं,
पंख्यांपासून लांब, कोळ्याची गाठ मारून.
बसलंय सरळ.
आंतोनेला म्हणते, विचित्र दिसतं.
चालतंय.